बिनदोऱ्याच्या फोडी

चंद्रभान येताना भाजी विसरायचा, छकुलीच्या खोकल्याचं औषध विसरायचा, पण नवल आणायला म्हणून कधी विसरला नाही. नागपूरला, सदर भागातल्या एका सरकारी ऑफिसात तो कारकून. जेवणाच्या सुट्टीत डबा भराभरा संपवायचा आणि जवळच्या वाचनालयात जाऊन बसायचा. तिथल्या जुन्या अंकांतून, वर्तमानपत्राच्या कुठल्याशा कोपऱ्यातून एखादी अजब गोष्ट हुडकून काढायचा आणि मग ती लिमलेटच्या गोळीसारखी गालात धरून, सायकल हाणत महाल भागातल्या घरी यायचा. चपला काढता काढताच सुरू.

"आइकलं का वं? एक मासा आहे म्हणे, झाडावर चढते."

"आपल्या छकुलीसारखा आहे म्हणा," प्रेमिला म्हणायची. "तीबी चढून राहिली सकाळपासून."

मग तो हसायचा. त्याचं ते हसणं पोटातून यायचं, आणि पहिलं हसणं तिच्यासमोरच फुटायचं. ती तव्यावर पोळी टाकून समोर बसायची, हातात संत्रं घ्यायची. साल काढायची, पांढरे दोरे एकेक करून ओढायची, फोड उलटी करून बिया काढायची आणि त्याच्या पुढे आलेल्या तळहातावर ठेवायची. तो बोलत असायचा आणि खात असायचा. ती काटोलकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. बोटांना ते काम सांगावं लागत नसे.

छकुली झाल्यापासून दिवसाचा एक तुकडाही प्रेमिलाचा म्हणून उरला नव्हता. आंघोळीलासुद्धा कडीला कान लावून बसावं लागे. पण ते नवल मात्र तिचं होतं. दिवसभर ती आई असायची, आणि त्या नवलापुरती पुन्हा चंद्रभानची बायको व्हायची.

आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, वरच्या मजल्यावर सुमती राहायला आली.

सुमतीचा नवरा शरच्चंद्र औषधांच्या कंपनीत फिरतीवर. आज चांदा, उद्या बालाघाट, परवा कुठे ते त्यालाच ठाऊक. सुमतीला मूलबाळ नव्हतं अजून, आणि टपालानं दोन साप्ताहिकं येत. त्यांत नाना गोष्टी असायच्या. जगातला सगळ्यात लांब मिशीवाला माणूस. उलटं वाहणारं पाणी. आणि दर अंकात शेवटच्या पानाआधी 'तुमचा स्वभाव ओळखा'. झोपताना उशी कशी घेता, अंगठा किती वळतो, चपला कुठून झिजतात, यावरून माणूस कोणत्या जातकुळीचा ते त्यात लिहिलेलं असे. संध्याकाळी खालच्या अंगणात सुमती ते वाचून दाखवी आणि सगळ्यांना तपासून घेई. घरमालकीण रुखमाबाईंचा अंगठा 'हुकूम चालवणारा' निघाला, त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. त्यांचे यजमान वामनराव चपलांवरून 'साहसी, संकटाला छातीवर घेणारे' निघाले, तेव्हा मात्र रुखमाबाई पदर तोंडात धरून हसल्या. "साहसी! बाई, झुरळ निघालं तं मले हाका मारते हा मानूस!"

पहिल्या पहिल्यांदा प्रेमिलाही हसली. तिला सुमती आवडलीसुद्धा होती. स्वच्छ बोलणं, धुतलेल्या वाटीसारखा चेहरा. छकुलीला कडेवर घेऊन ती चिमण्या दाखवायची, तेवढ्यात प्रेमिलाचे कपडे वाळत घालून व्हायचे.

मग एक दिवस फाटकात सायकल वाजली आणि वरच्या कठड्यावरून आवाज आला, "आज काय आणलंत, चंद्रभानजी?"

प्रेमिलाच्या हातातलं लाटणं थांबलं. ते नाव तिनं लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर रेशन कार्डासाठी कुणी विचारलं तेव्हा. आणि ही बाई ते कठड्यावरून हाक मारून घेत होती, वरून 'जी' लावून.

जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बोलणं सुरू झालं. शब्द ऐकू येत नव्हते. हसणं ऐकू आलं. पोटातून आलेलं, पहिलं.

आत आल्यावर त्यानं सांगितलंच, नाही असं नाही. "ऑक्टोपस म्हनून एक प्राणी आहे समुद्रात. त्याले तीन काळजं असतात म्हने."

"हो का."

"हो का काय? तीन वं, तीन!"

"एक घरी ठेवत असन," प्रेमिला पोळी उलटत म्हणाली. "बाकीचे घेऊन हिंडत असन."

चंद्रभान हसला. पण ते हसू एकदा खर्च झालेलं होतं, हे प्रेमिलाला बरोबर कळलं. उकळलेल्या चहापत्तीत पुन्हा पाणी घालावं, तसं. रंग येतो, स्वाद येत नाही.

मग ते रोजचंच झालं. नवल जिन्यावर फुटायचं आणि उरलेलं घरात यायचं. कधी कधी तर तो अर्धंच सांगायचा. "सुमतीबाईनं तं त्याच्यावर अशी मजेची गोष्ट सांगतली की..." आणि मग सुमतीबाईंची गोष्ट सुरू. प्रेमिला कशाला हरकत घेणार होती? जिन्यावर, उजेडात, चार लोकांच्या देखत दोन माणसं माशांबद्दल बोलत होती. यात बोट ठेवायला जागा नव्हती. जागा असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. जिथे बोट ठेवता येत नाही तिथलंच दुखणं जास्त ठणकतं.

संध्याकाळ जवळ आली की ती छकुलीची वेणी जरा जास्तच ओढून घालू लागली. कठड्यावरची वाळत घातलेली सुमतीची फिकी जांभळी साडी खालून दिसायची, तिच्याकडे ती शेजारणीकडे पाहावं तशी पाहायची. आरशासमोर उभी राहून एकदा "चंद्रभानजी" असं ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं, आणि लाजून छकुलीकडे वळली. छकुली टक लावून पाहत होती. "चनभानजी," ती म्हणाली. प्रेमिलानं तिच्या तोंडावर हात ठेवला.

फाल्गुन लागता लागता प्रेमिलाच्या बापानं, रामाजींनी, एसटीच्या टपावर टाकून मृगाच्या बहाराची संत्री पाठवली. टोपली उघडली आणि अंगणभर वास सुटला. प्रेमिलानं रिवाजाप्रमाणे सगळ्यांना बोलावलं. आपल्या बापाच्या बागेची संत्री वाटताना तरी अंगणात आपली मान जरा वर राहील, असा एक लहानसा लोभही होता तिच्या मनात.

ती खाली बसून सोलत होती. छकुली मांडीत. रुखमाबाई खाटेवर, वामनराव खुर्चीवर, चंद्रभान भिंतीला टेकून. सुमती वरून आली ती अंक घेऊनच.

"गंमत बघा! आजच आलाय अंक. संत्रं कसं खाता, त्यावरून स्वभाव! जसं काही आपल्या नागपूरसाठीच छापलंय."

"वाचा वाचा," रुखमाबाई म्हणाल्या. "झुरळाचं तं समजलंच, आता संत्र्याचं समजू द्या."

सुमतीनं वाचलं. साल एका लांब पट्टीत काढणारी माणसं धीराची, हिशेबी. सालीचे तुकडे तुकडे करून दोन-दोन फोडी तोंडात टाकणारी माणसं उतावळी, जरा भरड मनाची. फोड चोखून चोथा टाकणारी माणसं आपल्यापुरतं पाहणारी.

"आणि हे ऐका," सुमती म्हणाली. "फोडीचे सगळे दोरे काढून, बिया काढून, निर्मळ फोड खाणारी माणसं रसिक, कोवळ्या मनाची. अशी माणसं विरळा. दोन अशी माणसं भेटली तर त्यांना एकमेकांचं मन न बोलता कळतं." तिनं वर पाहिलं. "मी बाई यातली. मला एक दोरा चालत नाही."

"अरे, मीबी!" चंद्रभान भिंतीपासून सुटून पुढे झाला. त्याचा चेहरा शाळेतल्या पोराला बक्षीस मिळावं तसा फुलला होता. "मी तं कधीच दोऱ्याची फोड खात नाही. बी दाताखाली आली तं मले किळस येते. एकदम साफ पायजे."

"बघा! मला वाटलंच होतं," सुमतीनं टाळी वाजवली. "आपण एका प्रकारचे."

त्या क्षणी प्रेमिलाच्या बोटांत एक फोड होती. दोरे ओढून झाले होते, बी निघाली होती. आणि समोर चंद्रभानचा तळहात आला होता, नेहमीसारखा, तिच्याकडे न पाहता. तो सुमतीच्या अंकाकडे पाहत होता.

तो खोटं बोलत नव्हता. हेच तर होतं. लग्न झाल्यापासून त्याच्या हातावर आलेली प्रत्येक फोड निर्मळच होती. त्याला वाटत होतं, संत्रं आपण असंच खातो. फोडीवर दोरे असतात हे तो ऐकून होता, जसं झाडावर चढणाऱ्या माशाबद्दल ऐकून होता.

शब्द प्रेमिलाच्या जिभेवर आला होता. 'आयुष्यात सोललं का एक तरी?' पण तो बाहेर काढायचा म्हणजे भर अंगणात आपलं काम दाखवून मान मागायचा. मागून मिळालेल्या मानाचं काय लोणचं घालायचं? तिनं फोड त्याच्या हातावर ठेवली.

"अन् हे आमची प्रेमिला?" रुखमाबाईंनी विचारलं. "हे कोनत्या परकारची?"

सुमतीनं पान पुन्हा पाहिलं. तिनं खरंच मनापासून शोधलं. "तुम्ही कसं खाता हो, प्रेमिलाताई?"

प्रेमिला गोंधळली. कसं खाते? तिला आठवेना. संत्रं म्हटलं की तिला आपली सोलणारी बोटंच दिसायची, खाणारं तोंड दिसेचना. "मी आपली... सोलून देतो सगळ्यायले," ती म्हणाली.

"सोलून देणारे असा प्रकार नाहीये हो यात," सुमती हळहळून म्हणाली.

तिच्या आवाजात कुचकेपणा असता तर प्रेमिलानं तिला माफ केलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून प्रेमिलानं संत्रं सोलणं बंद केलं. चंद्रभान आला की ताटाशेजारी एक अख्खं संत्रं ठेवायची आणि छकुलीला घेऊन आतल्या खोलीत जायची.

"आज सोललं नाही वं?"

"हात मोकळे नाहीत."

तो ते संत्रं हातात घेऊन फिरवायचा, वास घ्यायचा, खाली ठेवायचा. एक दिवस खिशात घालून ऑफिसात नेलं आणि संध्याकाळी तसंच परत आणलं. "यंदाची संत्री काही खास नाहीत, नाही?" तो म्हणाला. प्रेमिलाच्या बापाच्या बागेबद्दल! तिनं भांड्यांचा असा आवाज केला की वर सुमतीनं रेडिओ मोठा केला.

तिला वाटत होतं, कधीतरी त्याच्या लक्षात येईल. आपोआप येईल. न बोलता मन कळणारा रसिक माणूस तो. टोपलीतली संत्री सुकत चालली आणि त्याच्या काही लक्षात येईना.

पुढच्या रविवारी शरच्चंद्र घरी होता. उंच, दिलखुलास गडी, येताना सगळ्यांना खोकल्याच्या औषधाच्या नमुन्याच्या बाटल्या वाटायचा. संध्याकाळी अंगणात बैठक बसली आणि सुमतीनं त्याला संत्र्याची गंमत सांगितली. "आणि चंद्रभानजी अगदी माझ्या प्रकारातले निघाले!"

"असं?" शरच्चंद्र म्हणाला. "मग होऊन जाऊ द्या. दोन रसिकांनी समोरासमोर सोलायचं. आम्ही भरड माणसं बघतो."

प्रेमिलाच्या टोपलीतलीच दोन संत्री उचलली त्यानं. एक बायकोला दिलं, एक चंद्रभानला.

सुमतीनं सोलायला घेतलं. तिची बोटं सावकाश चालत होती, एकेक दोरा निवांत ओढत, जणू पुढे काही करायचंच नाही. प्रेमिलानं त्या बोटांकडे पाहिलं आणि तिला एकदम वरची खोली दिसली. शरच्चंद्र नसतानाची. दिवा, रेडिओ, एक संत्रं, आणि ते पुरवून पुरवून खाणारी सुमती. तिला सुमतीशी काहीतरी बोलावंसं वाटलं. पण तेवढ्यात तिनं चंद्रभानकडे पाहिलं आणि ते तिथेच राहिलं.

चंद्रभाननं अंगठा खुपसला तो थेट फोडीत. रस उडाला तो स्वतःच्याच डोळ्यात. तो एक डोळा मिटून साल ओढू लागला, तर सालीबरोबर अर्धी फोड आली. शर्टावर ओघळ. सालीचे कपचे मांडीवर, खाटेवर, वामनरावांच्या चपलेत. हातात उरलं ते संत्रं आहे की छकुलीनं चावून टाकलेलं काही, सांगता आलं नसतं.

"अरे चंद्रभान," रुखमाबाई म्हणाल्या, "संत्रं सोलून राहिला का म्हैस धुऊन राहिला गा?"

सगळे हसले. शरच्चंद्र तर गुडघ्यावर थापा मारून हसला. चंद्रभान मात्र हातातल्या त्या लगद्याकडे पाहत राहिला. फोडीवरचे दोरे त्यानं नखानं ओढून पाहिले, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली, जशी वाचनालयात एखादी न पटणारी गोष्ट वाचून पडत असेल.

"राहू द्या हो, डोळा चुरचुरत असेल," सुमती हसत म्हणाली. "हे घ्या माझ्यातलं." तिनं एक फोड उचलली, उरलेला एक बारीक दोरा काढला आणि पुढे केली.

आणि चंद्रभानचा हात पुढे आला. तळहात वर, बोटं जराशी वाकलेली, डोळे भलतीकडे. जसा रोज प्रेमिलासमोर यायचा तसाच.

जिन्यावरचं हसणं तिनं सोसलं होतं, ते 'जी' सोसलं होतं, 'एका प्रकारचे' सुद्धा सोसलं होतं. पण तो हात! त्या हाताला समोर कोण आहे हेही पाहावंसं वाटलं नाही.

"ठेवा ते!" प्रेमिला म्हणाली.

आवाज तिला वाटला त्याहून फार मोठा आला. छकुली दचकली. सुमतीची फोड हवेतच थांबली.

"ठेवा ते, सुमतीबाई. त्यायले माह्या हातचं लागते."

प्रेमिलाचे कान तापले. आता जमीन दुभंगावी तर ती सिमेंटची. काय बोलून बसलो आपण, तेही बाहेरच्या गड्यासमोर! वामनराव चपलेतले सालीचे कपचे काढू लागले, फार काळजीपूर्वक.

रुखमाबाईंनीच गाडी ओढली. "आत्ता समजलं मले! म्हंजे सोलनारी हे होय, अन् रसिक हा! अरे वा रे वा! सयपाक करे कोन, अन् ढेकर दे कोन!" त्या अशा हसल्या की खाट करकरली. "सुमतीबाई, तुमच्या त्या अंकवाल्यायले लिहा, म्हना एक परकार सुटला."

सुमतीनं फोड हळूच आपल्याच तोंडात टाकली. तिचे गाल लाल झाले होते. "खरंच की," ती एवढंच म्हणाली, आणि शरच्चंद्रकडे सरकून बसली.

रसानं माखलेला तो हात चंद्रभाननं मिटून घेतला.

घरात आल्यावर प्रेमिला चुलीकडे तोंड करून बसली. आता चिडेल, म्हणेल माझी शोभा केली. करू दे. पण मागून आवाज आला तो सालीचा. तो टोपलीशेजारी फतकल मारून बसला होता आणि पुन्हा एक संत्रं घेऊन झगडत होता. छकुली समोर बसून हा तमाशा पाहत होती. बऱ्याच वेळानं तो उठला आणि प्रेमिलासमोर हात केला. तळहातावर एक फोड. फाटलेली, दाबलेली, एका अंगाला दोरे तसेच, पण बी काढलेली.

"घे."

"मले कायले?"

"घे वं. तू कशी खातं ते पाहू दे."

तिनं ती उचलली, तोंडात टाकली आणि गिळलीसुद्धा. तोवर तिचा हात त्याच्या दुसऱ्या हातातल्या उरलेल्या फोडींना गेला होता. त्यानं तिला पाहिलं. मग तिनंही स्वतःला पाहिलं. रोज अशीच खात होती की ती! उभ्या उभ्या, कडेवर पोर, दोन-दोन फोडी एकदम, दोऱ्यासकट, कुणी हाक मारायच्या आत.

"तू दोरे नाही काढत?"

"वेळ कोनाले आहे?"

चंद्रभान विचारात पडला. "म्हंजे अंकाच्या हिशेबानं तू भरड मनाची निघाली."

"अन् तुम्ही कोन?"

"मी?" त्यानं शर्टाकडे पाहिलं. "माह्यासाठी परकारच नाही त्यात." आणि मग तो हसला. पोटातून. प्रेमिलाला हसायचं नव्हतं. तिनं बरंच रोखून धरलं, पण छकुली हसायला लागल्यावर इलाज राहिला नाही.

सोमवारी फाटकात सायकल वाजली. प्रेमिलानं पोळी तव्यावर टाकली आणि श्वास धरून बसली. वर कठड्याशी पावलं आली. जरा थांबली. मग सुमतीचा आवाज, थोडा खालच्या पट्टीतला, "आज काय आणलंत, भाऊजी?"

भाऊजी! प्रेमिलाचे कान टवकारले.

"आज काही गवसलंच नाही, सुमतीबाई," चंद्रभान म्हणाला.

तो आत आला. चपला काढता काढता त्याचे गाल फुगलेले होते. गालात गोळी होती.

"आइकलं का वं? एक पक्षी आहे म्हने. मादी झाडाच्या ढोलीत अंड्यावर बसते अन् ढोलीचं तोंड मातीनं लिंपून घेते. चोच मावंन एवढीच फट. अन् नर बाहेरून महिना दोन महिने तिले फळं आणून चारते!"

"सोलून?" प्रेमिलानं विचारलं.

हसणं असं फुटलं की वरपर्यंत ऐकू गेलं असणार. जावं, असंच प्रेमिलाला वाटत होतं.

मग त्याचं ताट वाढून होईपर्यंत तिच्या मनात ती वरची खोली पुन्हा उभी राहिली. शरच्चंद्र सकाळच्याच गाडीनं गेला होता. तिनं टोपलीतून चार संत्री निवडली, चांगली, घट्ट सालीची. त्यातलं एक फारच देखणं होतं, ते परत ठेवून जरा लहान घेतलं. पदरात घालून ती जिना चढली. संत्री अख्खी होती. दोरे काढायला वर वेळ पुष्कळ होता.